विश्लेषण : मृग नक्षत्रातील नवजात ताऱ्यांची जनगणना कशी होते? त्यावरून वाद का?

थंडीच्या रात्री मृग नक्षत्र चटकन ओळखता येते. हरणाच्या चार पायांचे चार तारे आणि पोटात घुसलेल्या व्याधाच्या बाणाचे तीन तारे. या बाणाच्या दक्षिणेला आणखी एक छोटी, मंद ओळ दिसते. तिच्यातला मधला ठिपका जरा धूसर वाटतो. तो एकटा तारा नाही. तो आहे धूळ आणि वायूचा प्रचंड ढग, म्हणजेच मृगातील तेजोमेघ. पृथ्वीपासून सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर असलेल्या या ढगात दोन ते तीन हजार तारे नुकतेच जन्मले आहेत. ‘नुकतेच’ म्हणजे साधारण १० ते ३० लाख वर्षांपूर्वी. ४६० कोटी वर्षांचा आपला सूर्य चाळिशीचा गृहस्थ मानला, तर हे तारे अजून बारसेही न झालेली बाळे ठरतात.

या बाळांची मोजदाद खगोलशास्त्रज्ञ अनेक दशके करत आहेत. दुर्बिणी सुधारल्या, यादी वाढली आणि त्याबरोबर वादही वाढले. यादीतला प्रत्येक ठिपका खरोखर याच ढगात जन्मला आहे का, हा त्यातला कळीचा प्रश्न आहे.

ही मोजदाद करायची कशासाठी?

तारा किती जगणार आणि शेवटी त्याचे काय होणार, हे मुख्यतः त्याच्या वस्तुमानावर ठरते. म्हणून एका ढगातून मोठे तारे किती जन्मतात आणि लहान किती, हे प्रमाण खगोलशास्त्रात फार महत्त्वाचे मानले जाते. एडविन सॅलपीटर यांनी १९५५ मध्ये हे प्रमाण पहिल्यांदा सूत्रात मांडले. मोठे तारे थोडे आणि लहान तारे भरपूर, असा त्याचा ढोबळ अर्थ. पण लहानांच्या टोकाला ही संख्या कुठे घटू लागते आणि कुठे संपते, हे अजून पक्के ठरलेले नाही.

जुन्या ताऱ्यांवरून हे उत्तर मिळणे अवघड असते. मोठे तारे लवकर मरतात, लहान तारे समूहातून निसटून विखुरतात. नवजात समूहात मात्र जवळजवळ सगळे कुटुंब अजून घरातच असते. शिवाय अगदी लहान वस्तू जन्मानंतर काही काळच तापलेल्या असतात. पुढे त्या थंड आणि अंधूक होत जातात. त्या पाहायच्या तर लहानपणीच पाहाव्या लागतात.

अडचण नेमकी कुठे येते?

पहिली अडचण धुळीची. ज्या ढगातून तारे जन्मतात, तोच त्यांना झाकून ठेवतो. मृगातील तेजोमेघाचा आपल्या बाजूचा भाग मोकळा झाल्याने काही तारे साध्या दुर्बिणीतूनही दिसतात, पण मागच्या दाट ढगात दडलेले दिसत नाहीत.

दुसरी अडचण झगमगाटाची. समूहाच्या मध्यभागी ‘ट्रॅपेझियम’ नावाचे चार ठळक तारे आहेत. त्यांतला सर्वांत मोठा सूर्याच्या ३० पटींहून अधिक वस्तुमानाचा आहे. त्याच्या अतिनील प्रकाशाने सभोवतालचा वायू उजळतो. या उजेडात अंधूक वस्तू शोधणे म्हणजे विसर्जन मिरवणुकीच्या रोषणाईत काजवा शोधण्यासारखे आहे.

तिसरी अडचण सर्वांत फसवी. तेजोमेघाच्या पुढे आणि मागे आपल्या आकाशगंगेतले असंख्य तारे आहेत, त्यांच्याही पलीकडे दूरच्या दीर्घिका आहेत. छायाचित्रात हे सगळे एकाच प्रतलावर येते. धुळीतून आरपार दिसणारा मागचा जुना तारा लालसर आणि मंद दिसतो. नवजात, कमी तापमानाची वस्तूही लालसर आणि मंदच दिसते. म्हणजे पाहुण्याची गणती घरच्यांत होण्याची भीती कायम असते.

मग ढगाच्या आत पाहतात कसे?

यासाठी अवरक्त किरणांचा उपयोग होतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी धुळीच्या बारीक कणांच्या आकाराशी मिळतीजुळती असल्याने तो अडतो आणि विखुरतो. अवरक्त किरणांची तरंगलांबी अधिक असल्याने ते बऱ्याच प्रमाणात आरपार येतात. एरिक बेकलिन आणि गेरी न्यूगेबाउर यांनी १९६७ मध्ये याच पद्धतीने तेजोमेघाच्या मागच्या ढगात दडलेली, दृश्य प्रकाशात न दिसणारी तेजस्वी वस्तू शोधली होती. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

हवेतली वाफ अवरक्त किरण शोषते. त्यामुळे अशा दुर्बिणी उंच, कोरड्या जागी किंवा थेट अवकाशात असतात. २०२१ च्या डिसेंबरमध्ये झेपावलेली जेम्स वेब दुर्बीण अवकाशातून याच किरणांत पाहते.

एखादा तारा ‘घरचा’ आहे हे कसे ठरते?

रहिवासी असल्याचा दाखला मागताना एकच कागद पुरत नाही, तसेच इथे आहे. शास्त्रज्ञ अनेक पुरावे जुळवून पाहतात.

पहिला पुरावा तबकडीचा. नवजात ताऱ्याभोवती धूळ आणि वायूची तबकडी फिरत असते. तापलेली धूळ अवरक्त किरण सोडते, त्यामुळे तारा अपेक्षेपेक्षा जास्त अवरक्त उजळ दिसतो. पण साधारण ३० लाख वर्षांत निम्म्या ताऱ्यांच्या तबकड्या नाहीशा होतात, म्हणून केवळ याच खुणेवर विसंबले तर अनेक सदस्य सुटतात.

दुसरा पुरावा क्ष-किरणांचा. तरुण तारे वेगाने फिरतात, त्यांची चुंबकीय क्षेत्रे प्रबळ असतात आणि त्यांच्यावर मोठे स्फोट होतात. म्हणून जुन्या ताऱ्यांच्या तुलनेत ते क्ष-किरणांत कितीतरी तेजस्वी असतात. तबकडी गमावलेले तारेही यात सापडतात.

तिसरा पुरावा लिथियमचा. सूर्यापेक्षा लहान ताऱ्यांच्या पोटात तापमान वाढले की लिथियम जळून जाते. ताऱ्याच्या वर्णपटात ६७०.८ नॅनोमीटरला लिथियमची ठळक रेघ दिसली, तर तो अजून कोवळा आहे असे समजतात.

चौथा पुरावा ‘फुगलेपणा’चा. नवजात तारा अजून आकुंचन पावत असतो. आकार मोठा असल्याने त्याच्या पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण कमी असते. त्याचा परिणाम वर्णपटात उमटतो. अगदी लहान, थंड वस्तूंच्या अवरक्त वर्णपटात यामुळे एके ठिकाणी टोकदार त्रिकोणी आकार दिसतो, जुन्या ताऱ्यांत तो नसतो.

पाचवा पुरावा गतीचा. एकाच ढगात जन्मलेले तारे साधारण एकाच दिशेने, एकाच वेगाने जातात. युरोपच्या गैया यानाने असंख्य ताऱ्यांच्या गती मोजल्या आहेत. पण गैया दृश्य प्रकाशात पाहत होती, त्यामुळे धुळीत दडलेले तारे तिच्या नजरेतून सुटले. त्यात मृगातील समूह मुख्यतः आपल्यापासून दूर जात आहे, आकाशात आडवा फारच कमी सरकतो. दूरचे तारेही कमीच सरकताना दिसतात. त्यामुळे इथे गतीचा दाखला नेहमीपेक्षा कमी कामाचा ठरतो.

सुटलेल्या ताऱ्यांचा हिशेब कसा लावतात?

कोणत्याही गणनेत काही जण सुटतातच. किती सुटले हे कळण्यासाठी शास्त्रज्ञ एक साधी युक्ती वापरतात. खऱ्या छायाचित्रात संगणकावरून हजारो खोटे तारे पेरायचे आणि तेच सॉफ्टवेअर पुन्हा चालवायचे. एखाद्या तेजस्वितेचे १०० खोटे तारे पेरल्यावर ६० सापडले, तर त्या तेजस्वितेचे खरे तारेही साधारण ६० टक्केच सापडले असणार. पाहुण्यांची संख्या काढण्यासाठी समूहापासून दूरच्या आकाशाचा तुकडा मोजतात आणि धुळीचा परिणाम धरून ती संख्या वजा करतात. म्हणून जाहीर होणारा आकडा ही केवळ ठिपक्यांची बेरीज नसते. त्यात ही सारी वजाबाकी आणि दुरुस्ती असते.

आतापर्यंत काय हाती लागले?

लिन हिलेनब्रँड यांनी १९९७ मध्ये दृश्य प्रकाशात दिसणाऱ्या सुमारे १६०० ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यातील बहुसंख्य तारे सूर्यापेक्षा लहान आणि सुमारे १० लाख वर्षांचे असल्याचे दिसले. पुढच्या अनेक अभ्यासांचा पाया हीच यादी ठरली.

जानेवारी २००३ मध्ये चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने तेरा दिवसांच्या काळात जवळपास दहा दिवस भरेल इतका वेळ या एकाच जागेवर नजर रोखली. त्यातून १६०० हून अधिक स्रोत मिळाले. त्यांतले बहुतेक तरुण तारे होते. सूर्यासारखे तारे लहानपणी किती उग्र असतात, हे यातून समजले.

हबल दुर्बिणीने २००४-०५ मध्ये पृथ्वीभोवतीच्या १०४ प्रदक्षिणांचा वेळ खर्चून तेजोमेघाचे विशाल छायाचित्र जोडले. त्यात तीन हजारांहून अधिक तारे दिसतात. ताऱ्यांभोवतीच्या तबकड्याही हबलनेच इथे स्पष्ट दाखवल्या. उजळ वायूच्या पार्श्वभूमीवर त्या काळ्या सावल्यांसारख्या किंवा शेपटीवाल्या थेंबांसारख्या दिसतात.

‘जम्बो’ वाद काय आहे?

ऑक्टोबर २०२३ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेतील सॅम्युअल पिअर्सन आणि मार्क मॅककॉग्रिअन यांनी जेम्स वेबच्या छायाचित्रांवरून सुमारे ५४० अतिलहान वस्तूंची यादी मांडली. त्यांचे वस्तुमान गुरू ग्रहाच्या १३ पटींपर्यंत असल्याचे त्यांनी म्हटले. धक्कादायक बाब अशी, की त्यांतल्या सुमारे नऊ टक्के वस्तू जोडीने होत्या. गुरूच्या वस्तुमानाच्या या जोड्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘जम्बो’ नाव पडले.

हे अडचणीचे का? तारा लहान असेल तितकी त्याला जोडीदार असण्याची शक्यता कमी, असा आजवरचा अनुभव आहे. आणि ग्रह एखाद्या ताऱ्याभोवती जन्मून बाहेर फेकला गेला असेल, तर जोडीने बाहेर पडून जोडी टिकणे आणखी कठीण. म्हणजे या जोड्या खऱ्या असतील, तर ताऱ्यांच्या किंवा ग्रहांच्या जन्माच्या सिद्धान्तात मोठी दुरुस्ती करावी लागेल.

पण २०२४ मध्ये केव्हिन लुहमन यांनी जेम्स वेबच्याच माहितीचे वेगळे विश्लेषण केले. यातल्या बहुतेक जोड्यांचे रंग समूहातल्या लहान वस्तूंपेक्षा धुळीतून दिसणाऱ्या मागच्या वस्तूंशी जुळतात, किंवा त्यांची मोजमापे पुरेशी भक्कम नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. दुसरीकडे, त्याच वर्षी एका जोडीच्या जागेवरून रेडिओ लहरी येत असल्याचे लुइस रॉड्रिगेझ आणि सहकाऱ्यांनी दाखवले. पाहुणे की घरचे, हा जुनाच प्रश्न पुन्हा समोर आला. केवळ रंगांवर त्याचा निवाडा होत नाही. एकेका वस्तूचा वर्णपट हाच भरवशाचा दाखला.

तारा किती लहान असू शकतो?

गुरूच्या सुमारे ७५ ते ८० पटींहून कमी वस्तुमान असेल, तर पोटात हायड्रोजनची भट्टी कायमची पेटत नाही. अशा अर्धवट ताऱ्यांना ‘तपकिरी बटू’ म्हणतात. ढगाचा तुकडा आकुंचन पावताना तापतो आणि ती उष्णता बाहेर पडू शकली नाही, तर त्याचे आणखी लहान तुकडे होत नाहीत. ही मर्यादा गुरूच्या काही पट वस्तुमानाजवळ असावी, असे सिद्धान्त सांगतो.

मृगाच्याच बाणातल्या एका ताऱ्याशेजारी दिसणाऱ्या ‘फ्लेम’ तेजोमेघातही जेम्स वेबने असा शोध घेतला. तिथे वस्तुमान कमी होत गेले तशी वस्तूंची संख्या घटत गेली आणि गुरूच्या दोन-तीन पटींच्या आसपास यादी जवळजवळ संपली. निसर्गाच्या तळाच्या पायरीची ही खूण असू शकते. दोन शेजारी तेजोमेघांतून वेगवेगळे चित्र दिसत असल्यानेच मृगातील यादीची छाननी महत्त्वाची आहे.

आपल्या सूर्यमालेशी याचा संबंध काय?

ट्रॅपेझियमसारखे मोठे तारे शेजारच्या लहान ताऱ्यांच्या तबकड्या जाळत असतात. जेम्स वेबने या तेजोमेघातल्या अशाच एका तबकडीचा अभ्यास केला. अतिनील किरणांमुळे तिच्यातला वायू इतक्या वेगाने उडून जात आहे, की दहा लाख वर्षांच्या आत तो संपेल, असा निष्कर्ष २०२४ मध्ये मांडला गेला. वायूच उरला नाही, तर तिथे गुरूसारखा ग्रह तयार होणार नाही.

उल्कापाषाणांतल्या काही खुणांवरून आपला सूर्यही मोठ्या ताऱ्यांच्या शेजारात जन्मला असावा, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. मग आपल्या वाट्याला गुरू आणि पृथ्वी कशी आली? कोणता तारा मोठ्या शेजाऱ्यापासून किती दूर होता आणि त्याची तबकडी किती काळ टिकली, याची नोंद असल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. ती नोंद म्हणजेच ही जनगणना.

भारतात यावर काम होते का?

होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलेले ‘टिरस्पेक’ हे उपकरण लडाखमधील हान्ले येथे, सुमारे ४५०० मीटर उंचीवरच्या दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर अवरक्त वर्णपट घेते. याच संस्थेचा ‘टिरकॅम-२’ हा अवरक्त कॅमेरा उत्तराखंडमधील देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर वापरला गेला आहे. तरुण तारे आणि त्यांच्या ढगांचा अभ्यास हा या उपकरणांच्या मुख्य कामांपैकी एक. तर नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतून अशा तेजोमेघांतल्या तापलेल्या वायूचे नकाशे काढता येतात.

पुढे काय?

चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ही दुर्बीण दहा वर्षे दक्षिणेकडचे आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे. तरुण ताऱ्यांचे तेज सतत कमी-जास्त होत असते. त्यामुळे कोण लुकलुकतो यावरूनही सदस्य ओळखता येतील. जेम्स वेबचे वर्णपट आणि काही वर्षांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे यांतून अंधूक वस्तूंची छाननी होत राहील. त्यात यादीतली काही नावे पक्की होतील, काही गळतील.

तोवर वाचकांना आपल्या परीने पाहता येईल. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास मृग उंच आलेला असतो. शहराच्या दिव्यांपासून जरा दूर, साध्या द्विनेत्रीतून बाणाच्या खालची छोटी ओळ पाहिली, तर मधला ठिपका पुसट ढगासारखा दिसतो.