मागचा उजेड
ट्रॅक्टरची वीज : लेखांक 6

रोटाव्हेटर मारणाऱ्याचं निम्मं लक्ष मागे असतं. पाती किती खोल चालली आहेत, रोटरला पाचट गुंडाळलंय का, माती कशी पडतेय, हे मान वळवूनच बघावं लागतं. दिवसा त्यात काही अडचण नाही. पण पाऊस उघडून वाफसा आला की तो थोडेच दिवस टिकतो. भाड्याचा ट्रॅक्टर मग एका शिवारातून दुसऱ्यात पळत राहतो आणि बरंच काम रात्रीवर जातं. अशा वेळी बाजारातून दोन दिवे येतात, मडगार्डवर बसतात आणि टेललाइटच्या वायरीला पिळा मारून वर टेप गुंडाळली जाते.

मीही तेच केलं होतं. पहिल्या रात्री शेत लख्ख दिसलं. आठवड्याभरात दिव्यांचा स्विच हाताला गरम लागू लागला. मग एका रात्री जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि मागचे दिवे टेललाइटला सोबत घेऊन गेले. दिवे चांगलेच होते. चुकली होती ती वाट.

गेल्या आठवड्यातलं गणित आठवा : वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर. टेललाइटचा बल्ब 5 वॅटचा, म्हणजे 12 व्होल्टवर अर्धा अँपिअरही नाही. 55 वॅटचे दोन हॅलोजन मात्र नऊ अँपिअरच्या वर ओढतात. पायवाटेवर उसाची ट्रॉली घालण्यातला हा प्रकार.

यावरचा उपाय तुमच्या विहिरीवर आहेच. मोटारीच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबताना मोटारीचा सगळा करंट त्या बटणातून जात नाही. बटण फक्त कॉइलला वीज देतं, कॉइल पट्टी ओढते आणि मोठा करंट त्या पट्टीतून जातो. ट्रॅक्टरवर हेच काम काडेपेटीहूनही लहान रिले करतो. त्याच्या पायांवर आकडे असतात. 30 ला बॅटरीची वायर, 87 वरून दिव्यांकडे, 86 ला स्विचची वायर आणि 85 ला अर्थिंग. स्विचला वीज चावी फिरवल्यावरच मिळेल अशा वायरीवरून घ्या, म्हणजे दिवे विसरून सकाळी बॅटरी बसलेली सापडणार नाही.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. तो दिवा वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. दिव्याजवळ बसवला आणि वायर मध्येच पत्र्याला घासून उघडी पडली, तर फ्यूज शाबूत राहील आणि वायर पेटेल. वरच्या दोन हॅलोजनना 15 अँपिअरचा, निळ्या रंगाचा फ्यूज पुरतो. 27 वॅटचे दोन एलईडी साडेचार अँपिअरच घेतात. त्यांना साडेसातचा चालतो.

आता वायर. बॅटरीपासून मडगार्डपर्यंत जाऊन-येऊन 8 मीटर धरा. 0.75 चौरस मिलिमीटरची बारीक वायर टाकली तर हॅलोजनच्या नऊ अँपिअरला वाटेतच पावणेदोन व्होल्टच्या आसपास खर्च होतात, 2.5 ची टाकली तर जेमतेम अर्धा. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीसेक टक्के घटतो. म्हणजे वायरीत वाचवलेले पैसे उजेडातून वळते होतात.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. पत्र्यातल्या भोकात रबरी ग्रोमेट बसवा. अर्थिंगच्या नटाखालचा रंग खरवडून धातू उघडा करा. वायरीवर जाड स्लीव्ह चढवा. शेडमधल्या उंदरांना मऊ इन्सुलेशन आवडतं. दिवे डोळ्यांच्या रेषेपासून दूर, खाली झुकलेले ठेवा. नाहीतर उडणारी धूळच उजळते आणि पाती अंधारात राहतात. आणि उजेड आहे म्हणून पीटीओ चालू ठेवून पाचट काढायला उतरू नका.

शेवटची गोष्ट रस्त्याची. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे वाहनाच्या मागे 155 मीटरवरून दिसेल असा लाल दिवा हवा. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला लाल म्हणजे पुढे वाहन चाललंय आणि पांढरा झोत म्हणजे समोरून कुणी येतंय, एवढंच कळतं. तुमचा शेतातला दिवा रस्त्यावर त्याला नेमका उलटा निरोप देतो, शिवाय डोळेही दिपवतो. म्हणून या दिव्यांचा स्विच टेललाइटपासून वेगळा हवा आणि दिवे चालू असल्याचं सांगणारी छोटी बत्ती डॅशबोर्डवर हवी. बांध ओलांडण्याआधी रोटाव्हेटर उचलायला हात आपोआप जातो. तोच हात या स्विचकडेही जायला हवा.

पुढच्या आठवड्यात : ट्रॉलीचे दिवे.