तीनशे दहा रुपयांचं ‘नाही’

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या मोटारसायकलची पॉलिसी संपत आली. शाळा उघडण्याचे दिवस, त्यात घरी पाहुणे. म्हणून नववीतल्या मुलीला सोबत घेऊन घाईघाईत बाजारातल्या एका ऑनलाइन सेवा केंद्रात गेलो. दुकानातल्या मुलाने जुनी पॉलिसी पाहिली, दुसऱ्या एका कंपनीचा स्वस्त दर काढला आणि स्क्रीनवरची नजर न हलवता विचारलं, “सर, मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का?”

घेतला होता. फेब्रुवारीत मूलहून चंद्रपूरला येताना दिवेलागणीला रानडुक्कर आडवं आलं होतं. हेडलाइट फुटला, हँडल वाकलं, आणि त्या दुरुस्तीचे पैसे जुन्या कंपनीने दिले होते. आम्ही उत्तर देण्याआधी तोच म्हणाला, “‘नाही’ टाकतो. ३१० रुपये वाचतात. सगळेच टाकतात.”

आम्ही गप्प राहिलो. मुलगी म्हणाली, “अब्बू, ते मूलच्या रस्त्यावर झालं होतं ना?” आम्ही तिला नजरेनेच थांबवलं. वर्गात खरं बोलण्याचे धडे देणारे आम्ही, त्या खुर्चीवर बसून सही करून आलो.

सप्टेंबरमध्ये पावसात एका रपट्याजवळ ट्रॅक्टरने सांडलेल्या चिखलावर गाडी घसरली आणि खड्ड्यात गेली. अल्लाहच्या कृपेने हातपाय शाबूत राहिले. दुरुस्तीचा अंदाज निघाला १८,६०० रुपये. सर्व्हेअर आला, फोटो काढून गेला. काही आठवड्यांनी पत्र आलं: अर्जात मागील क्लेमची माहिती चुकीची दिली, म्हणून दावा नामंजूर. पगारातून हप्त्या-हप्त्याने गॅरेजवाल्याचे पैसे फेडले. मुलीने त्यावर एक शब्द काढला नाही. तेच आम्हाला जास्त लागलं.

नंतर आम्ही सगळे कागद नीट वाचले. जे समजलं ते घरोघरी उपयोगी पडेल, म्हणून लिहितो आहोत.

मोटारसायकलच्या विम्याचे दोन मुख्य भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. त्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. वर्षभर क्लेम घेतला नाही, तर याच दुसऱ्या भागाच्या हप्त्यात सूट मिळते. तिला ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. एक क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला ही सूट शून्यावर येते. आमच्या गाडीचा या भागाचा हप्ता १,२४० रुपये होता. न लागू असलेली २५ टक्के सूट घेतली, तेच ते ३१० रुपये.

अर्जात क्लेमच्या प्रश्नाजवळ बारीक अक्षरात एक घोषणा असते. माहिती खोटी निघाली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे सगळे लाभ जातील, असा तिचा अर्थ. आणि कंपनी बदलली म्हणून जुनी गोष्ट पुसली जात नाही. अर्जात जुन्या पॉलिसीचा नंबर असतो, त्यावरून नवी कंपनी जुन्या कंपनीकडे विचारणा करते. ही विचारणा कधीकधी क्लेम आल्यावरच होते. तोवर आपण निश्चिंत असतो.

कंपनी एवढं का विचारते? गाडी कशी चालते, कुठे पडली, हे मालकालाच ठाऊक असतं. १७६६ साली लंडनमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशांनी सुमात्रा बेटावरच्या एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात हेच तत्त्व मांडलं: विमा हा भरवशाचा करार आहे आणि माहिती ज्याच्याजवळ आहे त्याने ती लपवू नये. आपल्या भाषेत सांगायचं तर ती अमानत आहे.

काही ओळखीचे म्हणतात, व्यापारी विम्याबद्दलच शंका आहे, मग त्यात खरं-खोटं काय पाहायचं? विम्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो विषय त्यांच्याकडेच राहू द्यावा. पण समोर कोण आहे, यावर आपली सही खरी की खोटी हे ठरत नसतं.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत अपघात लपवण्याचा मोह जास्त, कारण अपघाताचे प्रसंगही जास्त. जंगलातून जाणारे रस्ते, रात्री आडवी येणारी चितळं आणि डुकरं, पावसाळ्यात बुडणारे रपटे, खनिजाचे ट्रक. म्हणून लपवण्याऐवजी हिशोब करायला शिकावं. क्लेममध्ये प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जातो. वरून दुचाकीला १०० रुपये आपल्याच खिशातून जातात. मडगार्ड आणि इंडिकेटर एवढंच तुटलं असेल, तर किती हातात येईल आणि किती बोनस जाईल हे कागदावर मांडावं. छोटा खर्च स्वतः केला आणि क्लेम घेतलाच नाही, तर बोनस हक्काने टिकतो. मात्र अर्जात अपघाताविषयी वेगळा प्रश्न असेल, तर तिथेही खरंच लिहावं.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विकणाऱ्याचा बोनस आपल्याला मिळत नाही. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज द्यावा. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, तर स्वतःचा जमलेला बोनसही जातो.

आणि आमच्यासारखी चूक झालीच असेल, तर अपघाताची वाट पाहू नका. आजच कंपनीला लेखी कळवा, सुटीचा फरक भरा आणि पॉलिसीत दुरुस्ती करून मागा. खरी माहिती देऊनही दावा नाकारला गेला, तर कंपनीचा तक्रार अधिकारी, विमा लोकपाल आणि जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग खुले आहेत. आम्ही मात्र कुठेच गेलो नाही. तक्रार करायला तोंड नव्हतं.

या जूनमध्ये पुन्हा त्याच दुकानात गेलो. मुलगी सोबत होती. फेब्रुवारीचं डुक्कर, सप्टेंबरचा खड्डा, नामंजूर झालेला दावा, सगळं सांगितलं. सूट मिळाली नाही. दुकानातला मुलगा म्हणाला, “सर, उगाच पैसे जास्त गेले.” मुलीने अर्ज हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि मग आमच्यापुढे पेन धरलं.