हौद आणि गादी

पैलवान कुठला, असं कोल्हापुरात विचारलं की गावाआधी तालमीचं नाव येतं: गंगावेशचा, मोतीबागेचा, शाहूपुरीचा. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, बाहेरचे नामांकित मल्ल आणून ठेवले आणि १९१२ साली खासबागचं मैदान उभं केलं. मधोमध खोलगट आखाडा आणि भोवती गोलाकार चढत जाणारी बैठक. पुढच्याचं डोकं मागच्याच्या आड येत नाही, त्यामुळं शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाच्या पायाची हालचाल दिसते. कुस्ती कळणाऱ्या माणसानंच बांधावं असं ते मैदान आहे.

या शहरातल्या तालमींत आज दोन कुस्त्या शेजारी शेजारी नांदतात. एक लाल मातीच्या हौदातली, दुसरी गादीवरची, म्हणजे मॅटवरची. बाहेरच्याला वाटतं, खेळ एकच, फक्त खालचा पृष्ठभाग बदलला. प्रत्यक्षात पैलवानाचं उभं राहणं बदलतं, श्वास बदलतो, आणि जिंकणं म्हणजे काय हेही बदलतं.

आधी हौद पाहू. पहाटे अंधारातच पोरं फावडी घेऊन उतरतात आणि आदल्या दिवशी तुडवून घट्ट झालेली माती खणून भुसभुशीत करतात. चाळलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर मुरवलेला असतो. प्रमाण ज्या त्या तालमीचं. हा खणण्याचा भागच निम्मी मेहनत आहे. मनगटं, खांदे आणि कंबर तिथंच तापतात. मग जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणं, आणि त्यानंतर लढती. लढतीला उभं राहताना दोघं एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, खांद्याला, मानेला, दंडाला चोळतात. घामानं अंग निसटू नये, पकड बसावी, यासाठी ही देवाणघेवाण. पुढच्या क्षणी ज्याला उलथून टाकायचं, त्यालाच पकड मिळावी म्हणून आपण हातभार लावतो. मला या खेळातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

मातीतली कुस्ती चीतपटीवर ठरते. पाठ टेकली, कुस्ती संपली. जुन्या पद्धतीत गुण नाहीत आणि घड्याळही नाही. निकाल लागेपर्यंत झुंजायचं, नाहीतर पंचांनी बरोबरीत सोडवायची. त्यामुळं पैलवान घाई करत नाही. मानेवर हात टाकून खडाखडी चालते, समोरच्याचा दम जोखला जातो. एकदा कब्जा घेतला की खालच्याला बराच वेळ दाबून ठेवता येतं, सवारी भरून, घिस्सा मारून त्याला हळूहळू उलटवता येतं. लांगेला, म्हणजे लंगोटाला, हात घालून डाव करता येतो. पाय मातीत रुततात म्हणून प्रत्येक हालचालीला जास्त ताकद लागते, आणि वर्षानुवर्षं तेच केल्यानं मांड्या आणि मान अशा घडतात की पाहणारा थक्क होतो.

गादीवर सगळं उलटं. नऊ मीटर व्यासाचं वर्तुळ, पायांत बूट, अंगात सिंगलेट. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. कब्जा घेतला की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकललं की एक, आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न टेकवताही कुस्ती जिंकली. खाली दाबून धरलं पण काही घडलं नाही, तर पंच लगेच दोघांना उभं करतात. सिंगलेटला धरायचं नाही. इथं पाय रुतत नाहीत. जो खाली वाकून, बिजलीसारखा आत घुसून एकेरी पट काढतो, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडतो, त्याचं राज्य. मातीतला ताठ उभा राहणारा, मानेवर भार टाकणारा पैलवान इथं आला की त्याचे पाय समोरच्याला आयते मिळतात. सहा मिनिटांत सगळा जोर ओतायचा, तोही वेगानं, याची सवय नसली तर पहिल्याच डावात छाती भरून येते. ही ताकदीची उणीव नाही. शरीराला वेगळ्या गतीची सवय लागलेली असते, इतकंच.

याचा सगळ्यात मोठा दाखला खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत घडला. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेला तेव्हा त्याला गादीचा आणि आंतरराष्ट्रीय नियमांचा सराव नव्हता. तरी तो फ्लायवेट गटात सहावा आला. तिथं रीस गार्डनर या अमेरिकी मल्लानं त्याला शिकवलं. पुढची चार वर्षं तयारी करून १९५२ ला तो हेलसिंकीला गेला आणि ५७ किलो गटात कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या प्रवासासाठी लोकवर्गणी झाली, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून पैसे उभे केले. खाशाबांचा हातखंडा डाव ढाक, म्हणजे समोरच्याची मान काखेत धरून कमरेवरून फेकणं. तो मातीतलाच. खाशाबांनी माती सोडली नाही. मातीत कमावलेल्या डावाला गादीचा वेग दिला. पुढं ७२ वर्षांनी, २०२४ च्या पॅरिसमध्ये, त्याच ५७ किलो गटात अमन सेहरावतनं कांस्य जिंकलं, तोवर आपला पैलवान गादीवर पुरता रुळला होता.

महाराष्ट्र केसरीची रचना मला म्हणूनच विचार करायला लावते. १९६१ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत माती विभाग वेगळा आणि गादी विभाग वेगळा, आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. ती शेवटची लढत मात्र गादीवर. मातीतून वर आलेल्याला चांदीची गदा हवी असेल तर परक्या जमिनीवर जिंकावं लागतं. मातीवाल्यांची यावर नाराजी असते आणि ती मला समजते. पण तालमी गादीकडं वळल्या त्याला हा नियमही कारण आहे. पुण्यात २०२० ला हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके असे दोघं अंतिम फेरीत आले, एक गादीवरून, एक मातीतून, आणि दोघंही काका पवारांच्या एकाच तालमीतले. एकाच वस्तादाच्या हाताखाली दोन्ही तयार होतात, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

आता पैशाचं बोलू, कारण त्याशिवाय ही तुलना पुरी होत नाही. यात्रा-जत्रांच्या मैदानांत, हलगीच्या कडकडाटात, कुस्ती मातीतच होते. सकाळी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात, संध्याकाळी मोठ्या इनामाची जोड. तिथं वजनकाटा नसतो. जाणती माणसं नजरेनं जोड लावतात. खुराकाचा खर्च, दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, हा बऱ्याच पोरांचा याच इनामांवर निघतो. गादीवर इनाम कमी, पण राष्ट्रीय पदकाचं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर पोलिसात, रेल्वेत, सैन्यात नोकरी. शेतकऱ्याचं पोर या दोन्हींत ओढलं जातं: जत्रेसाठी वजन वाढवायचं, स्पर्धेसाठी तेच उतरवायचं. वाढत्या वयात अशी ओढाताण शरीर मोडते, आणि वस्तादांनी ती थांबवायला हवी असं मला ठामपणे वाटतं.

मुलींच्या बाबतीत गादीनं जे केलं ते मातीनं केलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. कित्येक जुन्या तालमींत बाईला हौदाच्या काठावर उभं राहायची मुभा नव्हती. मुलींची कुस्ती वाढली ती मुख्यतः गादीवर. २०२३ ला सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. या मुलींना हौदही खुला व्हावा, कारण मातीत मिळणारी पकड आणि मानेची ताकद त्यांनाही तितकीच उपयोगाची आहे.

माती बुजवून सगळीकडं गादी अंथरावी, असं म्हणणारे आहेत. गादीनं कुस्ती बिघडवली म्हणणारेही आहेत. मी दोघांच्याही बाजूचा नाही. लहान वयात माती हवीच: पडल्यावर मार कमी, मेहनत दामदुप्पट. पण बारा-तेरा वर्षांच्या पोराचे पाय गादीला लागले नाहीत, तर विसाव्या वर्षी उभं राहण्याची सवय मोडताना त्याची दोन-तीन वर्षं वाया जातात, आणि पैलवानाच्या आयुष्यात ती वर्षं परत मिळत नाहीत. पोराला तालमीत घालायला नेणाऱ्या आईबापांनी म्हणून इनामांच्या याद्या पाहत बसू नये. वस्तादांना विचारावं: आठवड्यातले किती दिवस हौदात, किती गादीवर, आणि वजन उतरवायचं झालं तर ते कोण बघतं?