धातू वाकतो, कार्बन तुटतो

कार्बन फायबरची सायकल, रॅकेट किंवा गाडीचं बॉनेट विकणारा माणूस एक वाक्य हमखास ऐकवतो: पोलादापेक्षा कितीतरी पट मजबूत आणि वजनाला पाचव्या हिश्श्याचं. वाक्य खोटं नाही. पोलादाची घनता घन सेंटिमीटरला 7.85 ग्रॅम, कार्बनचे तंतू आणि इपॉक्सी राळ यांच्या संमिश्राची 1.6. साधं पोलाद 400 मेगापास्कलच्या आसपासच्या ताणाला तुटतं. हे संमिश्र तंतूंच्या दिशेने ओढलं तर 1500 पर्यंत तग धरतं. असं असूनही बोइंगने 787 या विमानात वजनाने निम्मा भाग संमिश्रांचा वापरला, तेव्हा नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या रचनेपेक्षा वजन वाचलं ते सरासरी 20 टक्के. हा आकडा खुद्द कंपनीचाच आहे. मग कागदावरची एवढी मजबुती विमानात चढेपर्यंत जाते कुठे?

आधी ताकद आणि ताठपणा यांची गल्लत टाळू. ताकद म्हणजे तुटेपर्यंत किती ताण सोसणार, आणि ताठपणा म्हणजे ताणाखाली किती कमी लवणार. ताठपणाच्या बाबतीत धातूंची एक गंमत आहे. पोलादाचा ताठपणा 200 गिगापास्कल, टायटॅनियमचा 110, अ‍ॅल्युमिनियमचा 70, मॅग्नेशियमचा 45. आता प्रत्येक आकड्याला त्या त्या धातूच्या घनतेने भागा. चारही उत्तरं 24-26 च्या घरात येतात! धातू बदलून पाहा, वजनामागे पदरात पडणारा ताठपणा जवळपास तेवढाच. एकाच दिशेने तंतू असलेल्या कार्बन संमिश्रासाठी हेच उत्तर 84 येतं. इंजिनिअर या पदार्थाच्या मागे का लागले, ते या एका भागाकारात कळतं.

पण तंतूच का? 1920 साली इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत ए. ए. ग्रिफिथ यांनी काच ओढून अधिकाधिक बारीक केली आणि ती किती ताणाला तुटते ते मोजलं. एक मिलिमीटर जाडीची काच 170 मेगापास्कलला तुटली. तीन मायक्रॉनच्या आसपासचा तंतू तुटायला सुमारे 3400 लागले. काच तीच. फरक इतकाच, की जाड कांडीत कुठेतरी भेग किंवा ओरखडा असतोच आणि तुटणं तिथून सुरू होतं; बारीक तंतूत मोठी भेग मावायला जागाच नसते. पुढे 1960 च्या दशकात जपानात ओसाकाला अकिओ शिंदो यांनी आणि त्यांच्यामागोमाग पुन्हा फार्नबरोतच वॅट, फिलिप्स आणि जॉन्सन या तिघांनी पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलचे तंतू भाजून कार्बनचे तंतू तयार केले. आज नेहमीच्या वापरातला असा तंतू सात मायक्रॉन जाडीचा असतो. राळेचं काम हे तंतू जागच्या जागी धरून ठेवणं, आणि त्यातला एखादा तुटलाच तर त्याचा भार शेजाऱ्यांवर सोपवणं.

अडचण दिशेची आहे. लाकूड फोडणाऱ्याला ती शिकवावी लागत नाही: रेषांच्या बाजूने घाव बसला की ओंडका फाडकन दुभंगतो, आडवा तोडायचा तर घाम निघतो. कार्बन संमिश्रात हा फरक फारच टोकाचा. तंतूंच्या दिशेने 1500 मेगापास्कल सोसणारा तोच पत्रा आडव्या दिशेने जेमतेम 50 ला फाटतो, आणि ताठपणा 135 गिगापास्कलवरून 10 वर येतो. म्हणून थरावर थर रचायचे: काही सरळ, काही आडवे, काही 45 अंशांत.

ही रचना हे हाताचं, जिकिरीचं काम. तेजस या लढाऊ विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे 45 टक्के संमिश्र आहेत, आणि त्याचे पंख घडवण्यात बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचा मोठा वाटा आहे. अशा कामासाठी राळेत भिजवलेल्या तंतूंच्या चादरी, म्हणजे प्रीप्रेग, उणे 18 अंशांवर ठेवतात; बाहेर राहिल्या तर राळ आपणहून घट्ट व्हायला लागते. थर जेमतेम 0.1 ते 0.2 मिलिमीटरचा. कापून, कोन जुळवून, मधली हवा काढत तो साच्यावर बसवायचा आणि सगळा डोलारा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे उच्च दाबाच्या भट्टीत, सुमारे 180 अंशांवर भाजायचा. एखादा थर चुकीच्या कोनात गेला, तर थंड होताना तो भाग पिळवटू शकतो. ठोकून सरळ करायची सोय इथे नाही.

सगळ्या दिशांना सारखे थर दिले, की ताठपणा 50 गिगापास्कलच्या आसपास उतरतो. घनतेने भागलं तर उत्तर तिसाच्या थोडं पुढे. धातूंच्या 26 पेक्षा बरं, पण 84 कुठे आणि हे कुठे! अशा रचनेला इंजिनिअर कुजकटपणे 'काळं अ‍ॅल्युमिनियम' म्हणतात. मजबुतीची पहिली गळती ही. (कोकणातली फायबरची होडी तर काचतंतूंचे आखूड तुकडे अस्ताव्यस्त पसरून केलेल्या चटईची असते. तिचा ताठपणा अ‍ॅल्युमिनियमच्या एक दशांशाच्या आसपास. होडीवाला ती घेतो ती गंजत नाही आणि तिला लाकडासारखी कीड लागत नाही म्हणून.)

दुसरी गळती मोठी. साधं पोलाद तुटण्याआधी 20 टक्क्यांहून जास्त ताणलं जातं. वाकतं, चेपतं, वेळ देतं. बोल्टसाठी पाडलेल्या गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, तिथे धातू थोडा सरकून तो आजूबाजूला वाटून टाकतो. कार्बन संमिश्र दीड टक्का ताणलं की संपलं. मध्ये काहीच पायरी नाही.

हँगरमध्ये कुणाच्या हातून पाना निसटून पंखावर पडला असं समजा. अ‍ॅल्युमिनियमला पोचा येतो आणि तो दिसतो. कार्बनचा पत्रा मात्र उसळून पूर्ववत होतो. वर ओरखडाही नाही, पण आत थर एकमेकांपासून सुटलेले. ओढताना त्याचा फारसा त्रास नाही; दाबाखाली मात्र सुटे झालेले थर एकेकटे वाकतात आणि ताकद झपाट्याने घटते. म्हणून तपासनीस आजही अल्ट्रासाउंड यंत्राच्या जोडीला नाणं किंवा छोटी हातोडी घेऊन पृष्ठभागावर टकटक करत फिरतो. भरीव आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज आला की खडूने खूण.

डोळ्यांना न दिसणारी अशी जखम विमान आयुष्यभर घेऊन उडणार, आणि तरीही त्याने पुरा भार सोसला पाहिजे, हे गृहीत धरूनच रचना करावी लागते. तंतू दीड टक्का ताण सोसत असला, तरी बऱ्याच विमानांत भागांना 0.4 टक्क्यांच्या आसपासच ताणू देतात. सुरुवातीच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथे आहे. उरलेली मजबुती गायब होत नाही, ती राखीव ठेवली जाते.

यावरून धातू बिनघोर असं मानायचं कारण नाही. 1954 साली कॉमेट जातीची दोन जेट विमानं भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटली. दर उड्डाणाला केबिन फुगायची आणि सैल व्हायची. त्या आंदोलनांनी धातू थकला आणि भेगा वाढत गेल्या. थकव्याच्या बाबतीत कार्बन फार चिवट आहे. म्हणूनच 787 च्या केबिनमध्ये हवेचा दाब 8000 ऐवजी 6000 फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवता येतो, आणि कार्बन गंजत नसल्याने हवा थोडी दमटही. लांबच्या प्रवासात घसा कमी कोरडा पडतो तो त्यामुळे. उलट, कार्बनला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात लवकर गंजतं, म्हणून जोडांवर महागडं टायटॅनियम आलं. ते या विमानात वजनाने 15 टक्के आहे.

दोन्ही पदार्थांचे स्वभाव एकाच वस्तूत पाहायचे, तर जेट इंजिनाच्या पुढच्या पंख्याचं पातं पाहावं. रोल्स-रॉइसने आरबी 211 इंजिनासाठी 'हायफिल' या कार्बन संमिश्राची पाती केली होती. 1970 च्या चाचणीत त्यांच्यावर वेगाने कोंबडी डागली आणि पात्यांचे तुकडे झाले. आडवा, अचानक आलेला धक्का त्यांना झेपला नाही. पाती पुन्हा टायटॅनियमची झाली. खर्च हाताबाहेर गेलेली कंपनी 4 फेब्रुवारी 1971 ला दिवाळखोरीत निघाली, अर्थात पाती हे त्याचं एकमेव कारण नव्हतं. कार्बनचं पातं प्रवासी विमानात यायला 1995 उजाडावं लागलं. जनरल इलेक्ट्रिकच्या जीई 90 इंजिनात ते बोइंग 777 ला बसलं. त्या पात्याची पक्षी झेलणारी पुढची कड टायटॅनियमची आहे, आणि फिरताना बाहेर ओढणारा प्रचंड ताण तिच्यामागचे कार्बनचे तंतू सोसतात. त्याच्या पुढच्या आवृत्तीतलं एक पातं सव्वा मीटरच्या आसपास लांब आहे आणि भरतं 23 किलोच्या आत.