वाऱ्याशी तह : मोटारसायकलच्या काचेची निवड

इंदूरकरांना आग्रा-मुंबई रस्त्याची ओळख करून द्यावयास नको. मानपूरचा घाट उतरला, खलघाटाला पुलावरून नर्मदामाईला हात जोडले, की पुढे निमाडचा मोकळा मुलूख लागतो आणि थेट सेंधव्यापलीकडे बिजासनीच्या घाटापर्यंत वारा छातीवर आदळत राहतो. नाशिक-पुण्याकडच्या आप्तेष्टांकडे जाण्यासाठी पूर्वीची मंडळी मोटारीने नाहीतर आगगाडीने निघत. आता मुलगा, जावई, क्वचित सेवानिवृत्त काकादेखील मोटारसायकलीवर बॅगा बांधून निघतात. धुळ्याला उतरतात तेव्हा मान आखडलेली असते, दंड भरून आलेले असतात आणि कानांत तासभर एकसारखी घूं घूं चालू असते. दोष खड्ड्यांना दिला जातो, वयाला दिला जातो. खरा गुन्हेगार वारा आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताठ बसलेल्या माणसाची छाती व डोके मिळून वाऱ्यासमोर सुमारे ०.४ चौरस मीटर जागा धरतात असे मानले, तर ताशी ५० किलोमीटर वेगाला त्याच्यावर ५ किलोच्या आसपास जोर येतो. तोच ताशी १०० ला १९ किलोच्या घरात जातो. गाडी ८० ने चालली आहे आणि समोरून २० चा वारा आहे, तरी शरीराच्या दृष्टीने ते १००च झाले. हे ओझे तीन तास हातांनी आणि मानेने तोलून धरावयाचे, तर अंग दुखणार नाही तर काय होईल?

यावर उपाय म्हणजे गाडीच्या पुढे बसवावयाची पारदर्शक ढाल, अर्थात विंडशील्ड. आपल्याकडे तिला सरसकट ‘काच’ म्हणतात. जुन्या लँब्रेटा-व्हेस्पा स्कूटरींवर उंच पारदर्शक काच लावून कचेरीला जाणारे गृहस्थ पुष्कळांना आठवत असतील. लांब पल्ल्याच्या मोटारसायकलींसाठी या कल्पनेचा खरा विकास परदेशात झाला. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने १९६९ साली आपल्या ‘इलेक्ट्रा ग्लाइड’ गाडीवर वटवाघळाच्या पंखांसारखे आवरण दिले, ते हँडलाबरोबर वळणारे होते. क्रेग व्हेटर या अमेरिकन रचनाकाराने १९७१ पासून ‘विंडजॅमर’ नावाचे आवरण विकावयास काढले, ते गाडीच्या सांगाड्याला जोडलेले होते. बीएमडब्ल्यूने तर १९७६ च्या ‘आर १०० आरएस’साठी आवरणाचा आकार वायुबोगद्यात पारखून घेतला. ज्या प्रश्नासाठी कारखानदारांनी एवढे कष्ट घेतले, तो आपले लोक दुकानात उभ्या-उभ्या ‘कोणती शोभून दिसते?’ एवढ्यावर सोडवतात.

सर्वांत मोठा गैरसमज उंचीविषयीचा आहे. काच जितकी उंच तितके संरक्षण अधिक, असे सामान्यतः धरले जाते. पण वाऱ्याचे वागणे निराळे आहे. काचेच्या वरच्या कडेवरून वारा सुटतो तेव्हा त्याच्या भोवऱ्यांची एक माळ मागे लागते. हे भोवरे हेल्मेटवर आदळू लागले की डोके थरथरते, नजर हलते आणि आवाज काच नसतानाच्यापेक्षाही वाढतो. मोकळा सरळ वारा एक वेळ परवडतो. फाटलेला वारा परवडत नाही. म्हणून निवडीचा पहिला प्रश्न ‘काच किती उंच?’ हा नसून ‘तिच्या कडेवरून सुटलेला वारा माझ्या डोक्याच्या कोठे लागतो?’ हा आहे.

याचे उत्तर दुकानदार देऊ शकत नाही, कारण बसक्या उंचीचा माणूस, उंच पाठीचा माणूस आणि गाडीची गादी यांचा मेळ प्रत्येक वेळी वेगळा असतो. परंतु ते काढण्याची एक सोपी रीत आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर नेहमीच्या वेगाने जाताना, हँडल घट्ट धरून, पावलांवर जोर देऊन क्षणभर थोडे उंच व्हावे. आवाज कमी झाला आणि डोके स्थिर झाले, तर तुमचे डोके भोवऱ्यात आहे व काच खाली यावयास हवी. उलट, थोडे वाकल्यावर शांत वाटले, तर काच उंच हवी किंवा तिच्यावर झुकवता येणारी छोटी पट्टी हवी. ही परीक्षा रहदारीत करू नये, हे सांगावयास नकोच.

सुरुवातीचा अंदाज म्हणून गाडीवर नेहमीचे हेल्मेट व जाकीट घालून बसावे आणि काचेची वरची कड नाक व वरचा ओठ यांच्या दरम्यान येते का ते पाहावे. नजर काचेतून नव्हे, काचेवरून गेली पाहिजे. मृगाच्या पावसात काच थेंबांनी भरते, तिला पुसणी नसते. रात्री समोरच्या ट्रकचा दिवा त्या थेंबांत फुटून शंभर दिवे होतात. अशा वेळी जो काचेतून पाहात असेल त्याला घाटातले वळण दिसावयाचे नाही. गडद रंगाची काच दिवसा रुबाबदार दिसते. रात्रीच्या प्रवासाला मात्र स्वच्छ काचच बरी.

दुसरी गोष्ट खालच्या फटीची. उंच काच सर्व बाजूंनी बंद असली की तिच्यामागे हवेचा दाब कमी पडतो आणि मागून-बाजूंनी हवा ती पोकळी भरावयास धावते. स्वाराला पाठीतून कोणी पुढे ढकलत आहे असे वाटते. काचेच्या तळाशी थोडी फट किंवा मधे वायुमार्ग ठेवला की हा त्रास पुष्कळ कमी होतो. चांगल्या काचांत ही सोय मुद्दाम केलेली असते. ती बेसावधपणाची खूण समजू नये.

आता पदार्थाविषयी. नाव काच असले तरी ही काच नव्हे, प्लास्टिक असते. आणि त्यात दोन मुख्य जाती आहेत. ॲक्रिलिक स्वच्छ दिसते, ओरखडे कमी घेते, पण दगड लागला तर तडकून तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट आघात कितीतरी पटींनी सहन करते, मात्र वर कठीण लेप नसेल तर लौकर ओरखडते आणि उन्हात पिवळे पडते. ट्रकच्या चाकाखालून उडणाऱ्या खडीचा विचार करता लेप दिलेले पॉलिकार्बोनेट अधिक भरवशाचे. त्याला पेट्रोल, ब्रेकचे तेल आणि अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव लागू देऊ नये. सूक्ष्म तडे जातात. किडे चिकटले असतील तर ओले फडके पंधरा मिनिटे वर ठेवावे, मग साध्या साबणाच्या पाण्याने धुवावे. कोरड्या फडक्याने घासणे म्हणजे धुळीचा कागद फिरवणे होय.

बसवणीकडे तर बहुतेकांचे लक्षच नसते. बुलेटसारख्या गाड्यांवर पुष्कळ तयार काचा हँडलाला आवळतात. त्या स्वस्त व सोयीच्या असतात, पण वाऱ्याचा सगळा जोर हँडलावर येतो. मोठी काच असेल तर भर वेगात किंवा ट्रक ओलांडताना हँडल डुलू लागते. सांगाड्याला जोडलेली काच या बाबतीत सुरक्षित. हँडलाचीच घ्यावयाची असेल तर ती लहान घ्यावी. भोके बोल्टापेक्षा किंचित मोठी, मधे रबरी वायसर आणि नट हाताने जाणवेल एवढाच घट्ट, हा नियम पाळावा. उन्हाने प्लास्टिक फुगते आणि जागा न मिळाल्यास भोकापासूनच तडकते. शेवटी हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून क्लच-ब्रेकच्या तारा कोठे अडकत नाहीत ना, हे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

आपल्या हवेचाही विचार हवा. माळव्याच्या पौषातल्या पहाटे काच देवासारखी वाटते. वैशाखात निमाडात तीच काच वारा अडवून जीव नकोसा करते. त्यासाठी उंची बदलता येणारी किंवा चटकन काढता येणारी काच थोडी महाग पडली तरी घ्यावी. आणि पाठीमागे बसणाऱ्या मंडळींना विसरू नये. पुढच्याला शांत करणारी काच पुष्कळदा सगळे भोवरे मागच्याच्या डोक्यावर टाकते. पत्नी वा आई रोज मागे बसत असेल तर परीक्षा तिला घेऊनच करावी आणि तिचे मत अखेरचे मानावे.

या साऱ्याचे महत्त्व सुखापुरतेच नाही. आरोग्यशास्त्रात ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास एवढी मर्यादा सांगितली जाते आणि दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो; म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास. ताशी १०० च्या वेगाला हेल्मेटच्या आत आवाज नव्वदीच्या पलीकडे सहज जातो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. म्हणून काच कितीही चांगली असली तरी लांबच्या प्रवासाला कानांत बोळे घालावेत. त्यांची किंमत काचेच्या मानाने काहीच नाही.

वाऱ्याला जिंकता येत नाही, त्याच्याशी तह करावा लागतो; आणि तहाची कलमे दुसऱ्याच्या मापाने लिहून चालत नाहीत. खरेदीपूर्वी तीच काच लावलेली ओळखीच्या कुणाची गाडी अर्धा तास मागून घ्यावी, तिच्यावर बायपासला एक चक्कर मारावी, आणि मगच पैसे मोजावेत.