वॉकीटॉकी घेताना खोक्यावरचे किलोमीटर वाचू नका

खोक्यावर ‘पल्ला १० किलोमीटर’ असं छापलेलं असतं. ते खोटं म्हणता येत नाही, पण तुमच्या कामाचंही नाही. वॉकीटॉकीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. सपाट जमिनीवर दीड मीटर उंचीवरून क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं. सह्याद्रीत तर मध्ये एक डोंगरसोंड आली की संपलंच. उलट गडमाथ्यावरून पायथ्याशी तोच छोटा सेट खणखणीत बोलतो. ‘मग जास्त वॅटचा घेऊ’ असं कोणी म्हणेल. पण मोकळ्या जागेतसुद्धा पल्ला दुप्पट करायला शक्ती चौपट लागते, आणि कातळापुढे तीही फारशी चालत नाही.

शिवाय कायदा आहेच. भारतात विनापरवाना वापरासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोकळा आहे, तोही कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त सेटसाठी. परदेशातून आणलेला अमेरिकी सेट ४६२ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणून तो इथे चालवू नये. ‘हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढला की झालं’ हेही अर्धंच खरं, कारण समोरच्याकडेही परवाना लागतो. ‘प्रायव्हसी कोड’ला तर भुलूच नका: तो इतरांचं बोलणं तुमच्या कानावर येऊ देत नाही, तुमचं मात्र सगळ्यांना ऐकू जातं. त्यापेक्षा साधे पेन्सिल सेल चालतात का, ते पाहा. काही अडलं तर खाली विचारा.