विभेदित अध्यापन : संकल्पना आणि वनप्रदेशातील वर्ग

वर्ग ही संस्था एका गृहीतकावर उभी आहे. एका इयत्तेत बसलेली मुले एकाच ठिकाणाहून निघतात आणि एकाच वेगाने पुढे जातात, हे ते गृहीतक होय. पाठ्यपुस्तक, वेळापत्रक आणि परीक्षा यांची रचना ह्याच समजुतीवर झालेली असते. वस्तुस्थिती तशी नसते, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. परंतु हे ज्ञान अध्यापनाच्या योजनेत उतरविण्याची पद्धती त्याच्या हाती नसते. अशी पद्धती देण्याचा प्रयत्न म्हणजे विभेदित अध्यापन. चंद्रपूर जिल्हा आणि त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा येथील वर्गांचा विचार करताना ही संकल्पना नेमकी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे स्पष्ट होणे अगत्याचे आहे.

कल्पना सर्वस्वी नवी नाही. अमेरिकेत शिकागोजवळील विनेटका येथे कार्लटन वॉशबर्न यांनी १९१९ पासून प्रत्येक मुलास आपापल्या गतीने पुढे जाऊ देणारी शाळा चालविली. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे सुरू केलेले आणि पुढे कोसबाड येथे वाढविलेले कार्य ह्याच जातीचे होते. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसल्यावर शाळाच कुरणात नेण्यात आली. विभेदित अध्यापन ह्या नावाची आजची मांडणी मुख्यतः कॅरल अ‍ॅन टॉमलिन्सन यांच्या १९९९ मधील ग्रंथामुळे रूढ झाली. तिच्यानुसार शिक्षक आशय, प्रक्रिया, फलित आणि वर्गाचे वातावरण यांत बदल करतो. आणि तो बदल मुलाची पूर्वतयारी, रुची व शिकण्याची रीत पाहून करतो. ह्यांपैकी शेवटच्या घटकाविषयी सावध राहणे इष्ट आहे. डोळ्यांनी शिकणारे, कानांनी शिकणारे अशी मुलांची वर्गवारी करून तदनुसार शिकविल्यास अधिक लाभ होतो, ह्याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष हॅरोल्ड पॅश्लर व त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये काढला. पूर्वतयारीचा मुद्दा मात्र भक्कम आहे.

पूर्वतयारी म्हणजे बुद्धिमत्ता नव्हे. ह्या दोहोंची गल्लत किती सहज होते, हे वनप्रदेशातील भाषास्थितीवरून दिसते. भामरागड व एटापल्ली भागातील मुलाची घरची भाषा माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, सिरोंच्यात तेलुगू, कोरची भागात छत्तीसगढी. मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींमध्ये बंगाली, आणि उर्वरित बऱ्याच भागात मराठीची झाडीबोली. पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीचे.

मराठीतील लिंगविचार हे उदाहरण घेऊ. चौथीतील तीन मुले ‘बैल आली’ असे लिहितात. तपासणारा तिन्ही ठिकाणी सारखीच लाल रेघ मारतो. परंतु चुकीमागील कारणे भिन्न असू शकतात. गोंडी आणि तेलुगू ह्या द्राविडी भाषांत एकवचनी नामांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात : पुरुषवाचक नामे एका वर्गात, आणि स्त्रिया, प्राणी व वस्तू दुसऱ्या वर्गात. म्हणून गोंडीभाषक मुलास ‘मुलगा आला’ हे लवकर साधते. बैल, गाय आणि वासरू यांच्यासाठी तीन निराळी रूपे का लागावीत, हे मात्र त्याच्या भाषिक अनुभवात नसते. बंगालीत व्याकरणिक लिंगच नाही. तेथील क्रियापद मुलगा व मुलगी यांच्यासाठी सारखेच राहते. म्हणून त्या मुलाची अडचण ‘मुलगी आली’ येथूनच आरंभ पावते. तिसऱ्या मुलाला, जो घरी झाडीबोली बोलतो, लिंगव्यवस्था घरातूनच मिळालेली असते. त्याची चूक बहुधा अनवधानाची असते, आणि खरी अडचण ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ लिहिण्यासारख्या ठिकाणी असते.

येथे विभेदित अध्यापनाचे मर्म सापडते. तिन्ही मुलांचे उद्दिष्ट एकच आहे : घरच्या जनावरांविषयी दहा शुद्ध वाक्ये लिहिणे. परंतु गोंडीभाषक मुलाला प्राणी व वस्तू यांच्या जोड्यांपासून, बंगालीभाषक मुलाला माणसांच्या जोड्यांपासून आरंभ करून द्यावा लागतो, तर तिसऱ्यास लेखनाची वाढीव संधी द्यावी लागते. वाट बदलते, मुक्काम बदलत नाही. चुकीचे निदान न करता तिघांनाही तोच नियम दहा वेळा लिहावयास लावणे ही समान वागणूक दिसते. प्रत्यक्षात तिचा लाभ तिघांपैकी एकालाही होत नाही.

दुसरा भेद उपस्थितीचा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी आणि त्यानंतर तेंदूपानांच्या हंगामात घरची सर्व माणसे रानात असतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. म्हणजे एकाच वर्गातील मुलांचे खंड निरनिराळ्या जागी पडलेले असतात. शिवाय शिक्षण हक्क अधिनियम, २००९ अन्वये पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. लहान पाड्यावरील शिक्षकापुढे एकाच वेळी दोन-तीन इयत्ता बसतात. अशा ठिकाणी बहुवर्ग अध्यापन हीच नित्याची स्थिती होय. विभेदन तेथे शिक्षकाच्या ऐच्छिक प्रयोगाचा विषय राहत नाही.

गुणाकाराचा एक पाठ घेतल्यास कार्यपद्धती ध्यानात येईल. मुलांच्या परिचयाचे साधन म्हणजे तेंदूपानांचे पुडे. एक हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. आरंभी पाच मिनिटांच्या तोंडी प्रश्नांनी शिक्षक कोण कोठे आहे ते पाहतो. पहिला गट खड्यांच्या पाच-पाचच्या चार ओळी मांडून समान गटांची बेरीज करतो. दुसरा गट पंचवीस पुड्यांच्या आठ ओळींत किती पुडे, हे काढतो. तिसरा गट, रोज दोनशे पुडे बांधणाऱ्या कुटुंबाची एक गोणी किती दिवसांत भरेल, ह्याचा विचार करतो. शिक्षक प्रथम पहिल्या गटाजवळ बसतो. शेवटी सर्व गट एकत्र येतात आणि प्रत्येक गट आपली रीत इतरांना सांगतो. पुढील तासाला गट पुन्हा नव्याने पाडले जातात, आणि घटक संपेपर्यंत पहिल्या गटानेही पंचवीस गुणिले आठ करावे ही अपेक्षा सोडली जात नाही.

गट फिरते ठेवण्याचा हा मुद्दा गौण नाही. मुंबई व वडोदरा येथील बालसखी प्रयोगात मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळेतच काही तास वेगळे घेऊन मूलभूत वाचन-गणित शिकविण्यात आले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदींनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार त्यामुळे गुणांत वाढ झाली, आणि सर्वाधिक लाभ तळाच्या मुलांना झाला. तेथे वेगळा गट हा विशिष्ट कौशल्यापुरता आणि ठराविक वेळेपुरता होता. तोच गट वर्षभर कायम राहिला, तर त्याचे ‘ढ मुलांच्या बाकात’ रूपांतर होते, आणि विभेदित अध्यापन नावाने जुनीच प्रतवारी चालू राहते.

वनप्रदेशात हा धोका अधिक आहे. ‘ह्या मुलांना इतके पुरे’ ही भूमिका सहानुभूतीच्या वेषात येते. आदिवासी मुलाला कायम सोपा पाठ देणे म्हणजे त्याच्या पुढील शिक्षणाचे दार आतून लावून घेणे होय. म्हणून विभेदनाची कसोटी एकच ठरते : तीन महिन्यांनी गटांतील अंतर घटले की वाढले?

ह्या कसोटीस उतरण्यासाठी शिक्षकाजवळ मुलाच्या भाषेचे किमान ज्ञान हवे. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीचा निर्देश १९५६ मध्ये संविधानात समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ३५०-क मध्ये आहे, आणि २००९ च्या अधिनियमाच्या कलम २९ मध्ये शक्य तेथवर मातृभाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे. माडियात ‘एर’ म्हणजे पाणी हे ज्यास ठाऊक नाही, त्याला मूल गप्प का आहे हे कळणार नाही. आणि ज्या गप्पपणाचे कारण कळत नाही, त्याला अज्ञान समजले जाते. अध्यापक-शिक्षणाच्या अभ्यासक्रमात गोंडी-माडिया, तेलुगू आणि बंगाली यांची मराठीशी तौलनिक ओळख समाविष्ट करणे, तसेच मुलांच्या चुकांचे भाषावार संकलन करणे, ही दोन कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहेत. वर्गातील शिक्षकाला उपदेशापेक्षा अशा संकलनाची गरज अधिक आहे.